रक्तातलं मिडाझोलाम मोजताना: एचपीएलसीवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

मिडाझोलाम हे गुंगीचं औषध. एंडोस्कोपीच्या आधी, भूल देण्याआधीची धास्ती कमी करायला आणि आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला शांत ठेवायला ते सर्रास वापरलं जातं. डोस एकच असला तरी दोन माणसांच्या रक्तात त्याची पातळी फार वेगळी निघू शकते. यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम ते तोडतं आणि याच एन्झाइमवर इतर कितीतरी औषधांचा परिणाम होतो. हेलसिंकीच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात तोंडावाटे दिलेल्या मिडाझोलामवर केलेल्या अभ्यासांत केटोकोनॅझोलसोबत रक्तातलं एकूण प्रमाण सुमारे १५ पट झालं होतं आणि रिफॅम्पिसिन घेणाऱ्यांत ते ९६ टक्क्यांनी घटलं होतं. क्षयरोगाचे इतके रुग्ण रिफॅम्पिसिनवर असलेल्या आपल्या देशात हा दुसरा आकडा विसरून चालणार नाही.

हा लेख एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी किंवा बायोॲनालिटिकल लॅबमध्ये पहिल्यांदाच प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव) हातात घेणाऱ्यांसाठी आहे. एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक कॉलम नावाच्या नळीतून दाबाने वाहताना वेगळे करून मोजणारं यंत्र. गोळीतलं औषध त्यावर मोजायचा सराव बहुतेकांना असतो. प्लाझ्माचं काम त्याहून वेगळं आहे. गोळीत मिलिग्रॅम असतात, इथे एक मिलीलीटर प्लाझ्मात काही नॅनोग्रॅम. आणि भोवती प्रथिनं, चरबी, क्षार आणि रुग्णाने घेतलेली आणखी पाच-सहा औषधं. मी इथे साधा यूव्ही डिटेक्टर (अतिनील प्रकाश किती शोषला गेला ते मोजणारा) धरून चाललो आहे, कारण कॉलेजांत आणि बऱ्याच रुग्णालयांत तोच असतो. मास स्पेक्ट्रोमीटरबद्दल (रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणारं यंत्र) जिथे गरज आहे तिथे बोलेन.

आधी रेणू ओळखा

मिडाझोलामचा रेणुभार ३२५.८ आहे आणि त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित आणि निम्मे भाररहित असतात तो) साधारण ६.२. या दुसऱ्या आकड्याभोवती पुढचं सगळं काम फिरतं, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रक्ताच्या ७.४ पीएचला हा रेणू बहुतांशी विद्युतभाररहित आणि चरबीत विरघळणारा असतो. म्हणूनच तो मेंदूत झटकन शिरतो आणि म्हणूनच तो आपल्याला सेंद्रिय द्रावकात ओढून काढता येतो. पीएच ४ च्या खाली गेलात की त्याची सात सदस्यांची कडी उघडू लागते आणि रेणू पाण्यात विरघळणारा होतो. इंजेक्शनच्या ॲम्प्यूलमधलं द्रावण ३ च्या आसपास आम्लधर्मी ठेवतात ते यासाठीच. पीएच वाढवला की कडी परत मिटते, पण त्याला काही मिनिटं लागतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा. प्लाझ्मातली प्रथिनं खाली बसवायला परक्लोरिक किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड वापरायची पद्धत अनेक औषधांसाठी उत्तम चालते. मिडाझोलामला ती लावली तर औषधाचा काही भाग उघड्या कडीच्या रूपात जातो. मग आलेखावर कधी दोन पीक (शिखरं) दिसतात, कधी एकच पण बुटका. पद्धत निवडताना एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर बराच त्रास वाचतो.

शरीरात याचं मुख्य रूपांतर १-हायड्रॉक्सीमिडाझोलाममध्ये होतं. तेही गुंगी आणतं. पुढे त्याला ग्लुकुरोनिक ॲसिड जोडलं जाऊन ग्लुकुरोनाइड बनतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड निकामी असेल तर हे ग्लुकुरोनाइड साठत जातं. रिपोर्ट लिहिताना याकडे परत यावं लागेल.

कागदपत्रं, परवानग्या आणि हेपॅटायटिसची लस

माणसाचं रक्त घ्यायचं म्हणजे संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि देणाऱ्याची लेखी संमती आधी हवी. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं मराठीत माहितीपत्रक देण्याच्या दृष्टीनेही वाचण्यासारखी आहेत. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत नातेवाईकांची संमती कशी घ्यायची हे कमिटीला आधीच विचारून ठेवा.

मिडाझोलाम १९८५ च्या एनडीपीएस (अंमली आणि मनावर परिणाम करणारे पदार्थ) कायद्याच्या सायकोट्रॉपिक यादीत आहे. शुद्ध पावडर मागवताना पुरवठादार कागद मागेल. आल्यावर ती कुलुपात ठेवायची, प्रत्येक वेळी वजन केल्याची नोंद रजिस्टरमध्ये करायची. ही नोंद टाळू नका. मेथॅनॉलमधलं १ मिग्रॅ/मिली तयार प्रमाणित द्रावण ॲम्प्यूलमध्ये मिळतं, ते थोडं महाग पडतं; पण वजनाची कटकट आणि चूक दोन्ही वाचतात. नवख्यांना मी तेच सुचवेन.

प्लाझ्माला हात लावणाऱ्या प्रत्येकाने हेपॅटायटिस बी ची लस घेतलेली असावी. ब्लँक प्लाझ्मा (औषध नसलेला, कोरा) रक्तपेढीकडून आणत असाल तर एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी तपासून निगेटिव्ह आलेलाच घ्या. तरीही हातमोजे काढू नका. शिवाय रक्तपेढीच्या पिशवीत सायट्रेट असतं आणि तुमच्या रुग्णाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए. प्रमाणित नमुने (माहीत पातळीचं औषध घातलेला प्लाझ्मा) आणि रुग्णाचे नमुने एकाच रक्तगोठणरोधकात असावेत हे बरं. जमत नसेल तर दोन्हींत निकाल सारखे येतात हे आधी दाखवून द्यावं लागतं.

रक्त घेणं: निम्म्या चुका इथेच

आयसीयूत ज्या नळीतून मिडाझोलाम चालू आहे त्याच नळीतून किंवा त्याच हातातून रक्त घेऊ नका. इन्फ्युजनच्या द्रावणात दर मिलीलीटरला मिलिग्रॅमच्या घरात औषध असतं, आपण मोजतो नॅनोग्रॅम. नळीत उरलेला एक थेंबसुद्धा निकाल हजारात नेतो. दुसऱ्या हातातून घ्या आणि कुठून घेतलं ते फॉर्मवर लिहायला सांगा. सिस्टरना हे प्रत्यक्ष जाऊन, कारणासह समजावून सांगितलं की त्या ते काटेकोरपणे पाळतात. नुसतं सर्क्युलर लावून काही होत नाही.

ट्यूब ईडीटीए किंवा हेपॅरिनची. जेल असलेली पिवळ्या झाकणाची ट्यूब नको, कारण काही औषधं त्या जेलमध्ये मुरतात. चार मिली रक्तातून दीड ते दोन मिली प्लाझ्मा मिळतो, तो दोन वेळा तपासायला पुरतो. वेळ घड्याळात बघून लिहायची, ‘सकाळी’ असं नाही. मिडाझोलामचं अर्धायुष्य (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) निरोगी माणसात साधारण दीड ते साडेतीन तास असतं. अर्ध्या तासाची चूक झाली तर आलेख बिघडतो.

सेंट्रिफ्यूज तासाभरात करा: सुमारे १५०० जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट), दहा मिनिटं. ‘३००० आरपीएम’ एवढंच लिहिलं तर त्याला अर्थ नाही. रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर ३००० आरपीएमला साधारण १५०० जी मिळतात. त्रिज्या १० सेंमी असेल तर हजारच. सूत्र सोपं आहे: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या (सेंमी) गुणिले आरपीएमचा वर्ग. वरचा पिवळसर थर अलगद काढा, खालच्या पेशींना पिपेट लागू देऊ नका. प्लाझ्मा लालसर दिसला तर तशी नोंद करा. दोन वेगळ्या क्रायोव्हायलमध्ये भरून उणे २० किंवा शक्य असेल तर उणे ७० अंशांवर ठेवा. एक व्हायल कामाची, दुसरी राखीव. लेबल पेन्सिलने किंवा फ्रीझरमध्ये टिकणाऱ्या स्टिकरवर. साध्या मार्करची शाई मेथॅनॉल लागलं की पुसली जाते.

स्टॉक, स्पाइकिंग आणि एक गुणाकार

पावडर मीठ स्वरूपात, म्हणजे मिडाझोलाम हायड्रोक्लोराइड, आली असेल तर तिचा रेणुभार ३६२.२ आहे. १० मिग्रॅ बेस (मूळ मिडाझोलाम) हवा असेल तर ११.१२ मिग्रॅ मीठ तोलावं लागतं. हा गुणक विसरला तर सगळे निकाल सुमारे ११ टक्क्यांनी चुकतात आणि चूक कुठेच दिसत नाही, कारण प्रमाणित नमुने आणि क्यूसी (पद्धत बरोबर चालते का ते तपासायचे, माहीत पातळीचे नमुने) दोन्ही सारखेच चुकलेले असतात. सर्टिफिकेटवरची शुद्धता आणि आर्द्रताही त्यात धरा. मॅलिएट मीठ असेल तर गुणक पुन्हा वेगळा.

स्टॉक मेथॅनॉलमध्ये, १ मिग्रॅ/मिली, तपकिरी बाटलीत, फ्रीजमध्ये. मिडाझोलामला प्रकाश सोसत नाही. तपकिरी काच नसेल तर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. खिडकीजवळच्या टेबलावर दिवसभर ठेवू नका.

स्पाइकिंग म्हणजे कोऱ्या प्लाझ्मात माहीत मात्रेचं औषध मिसळणं. प्लाझ्मात टाकायची द्रावणं अंतिम पातळीच्या २० पट करा. मग हिशोब डोक्यात होतो: ९५० मायक्रोलीटर ब्लँक प्लाझ्मात १० मायक्रोग्रॅम/मिलीचं ५० मायक्रोलीटर द्रावण घातलं की ५०० नॅनोग्रॅम/मिली तयार. सेंद्रिय द्रावकाचं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर प्रथिनं तिथेच दह्यासारखी फुटतात. यूव्हीवर मी १०, २०, ५०, १००, २००, ३५० आणि ५०० नॅनोग्रॅम/मिली अशा सात पातळ्या घेईन. क्यूसी ३०, २०० आणि ४००. क्यूसीचा स्टॉक वेगळ्या वजनातून करा. एकाच बाटलीतून दोन्ही केले तर क्यूसी फक्त तुमच्या पिपेटिंगची परीक्षा घेतो, वजनाची नाही.

इंटर्नल स्टँडर्ड निवडताना

इंटर्नल स्टँडर्ड म्हणजे प्रत्येक नमुन्यात सारख्याच मात्रेत घातलेला दुसरा पदार्थ; औषधाच्या पीकचं त्याच्या पीकशी गुणोत्तर काढतात. जुन्या पद्धतींत मिडाझोलामसाठी डायझेपाम यासाठी सर्रास दिसतं. रासायनिकदृष्ट्या निवड चांगली आहे: त्याच कुटुंबातलं, तसंच एक्स्ट्रॅक्ट होणारं. अडचण रुग्णात आहे. झटके येऊन दाखल झालेल्या रुग्णाला कॅज्युअल्टीत डायझेपाम दिलेलं असू शकतं. मग त्याच्या प्लाझ्मात आधीच डायझेपाम आहे, त्यात तुम्ही तुमचं घालता, इंटर्नल स्टँडर्डचं पीक फुगतं, गुणोत्तर घटतं आणि मिडाझोलाम खोटं कमी दिसतं. निरोगी स्वयंसेवकांच्या अभ्यासात डायझेपाम चालेल. रुग्णांच्या नमुन्यांसाठी इथे दिलं जात नाही असं बेन्झोडायझेपिन शोधा, आणि प्रत्येक बॅचनंतर इंटर्नल स्टँडर्डच्या क्षेत्रफळांची यादी नजरेखालून घाला. एखाद्याच नमुन्यात ते दीडपट असेल तर तो निकाल थांबवा आणि औषधांचा कागद मागवा.

मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर प्रश्नच मिटतो. ड्यूटेरियम लावलेलं मिडाझोलाम-डी४ घ्या. मिडाझोलाम ३२६ वरून २९१, डी४ ३३० वरून २९५ या ट्रांझिशनवर (मूळ आयन आणि त्याचा तुकडा यांची जोडी) मोजतात.

एक्स्ट्रॅक्शन

एक्स्ट्रॅक्शन म्हणजे प्लाझ्मातलं औषध सेंद्रिय द्रावकात ओढून काढणं. इथे सावकाश चला. एका नमुन्याची क्रमवार कृती अशी.

१. नमुना खोलीच्या तापमानाला वितळू द्या, गरम पाण्यात घालू नका. व्होर्टेक्स करा (यंत्रावर गरगर ढवळा) आणि पुन्हा थोडा वेळ सेंट्रिफ्यूज करा. वितळलेल्या प्लाझ्मात फायब्रिनचे बारीक धागे असतात. ते टिपमध्ये अडकले की ५०० ऐवजी ४३० मायक्रोलीटर येतं आणि तुम्हाला कळतही नाही.

२. काचेच्या १० मिलीच्या ट्यूबमध्ये ५०० मायक्रोलीटर प्लाझ्मा, त्यात २५ मायक्रोलीटर इंटर्नल स्टँडर्ड. दहा सेकंद व्होर्टेक्स. इंटर्नल स्टँडर्ड सगळ्यात आधी, म्हणजे पुढच्या प्रत्येक पायरीवर जे सांडेल ते दोघांचं सारखं सांडेल.

३. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २५० मायक्रोलीटर, किंवा पीएच ९ चा बोरेट बफर. पीकेए ६.२ असताना ९ च्या वर मिडाझोलाम जवळजवळ पूर्ण भाररहित होतं आणि पाण्यात थांबायला त्याला कारण उरत नाही. पहिल्या दिवशी एका जादाच्या ट्यूबमध्ये पीएच पट्टी बुडवून खात्री करा.

४. टर्शरी ब्यूटाइल मिथाइल ईथर ४ मिली. डायएथिल ईथरही काम करतं, पण ते ३५ अंशांखालीच उकळतं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात ते बाटलीचं झाकण उघडताच उडायला लागतं, शिवाय पेटतं आणि जुन्या बाटलीत पेरॉक्साइड साठतं. टर्शरी ब्यूटाइल मिथाइल ईथर ५५ अंशांना उकळतं, पेरॉक्साइडही सहजी धरत नाही. जवळपास ज्योत नको, काम फ्यूम हूडमध्येच.

५. दहा मिनिटं आडवं, हळू हलवणं. जोरात व्होर्टेक्स करायचा मोह आवरा. प्लाझ्मा आणि ईथर जोरात हलवलं की मधे पांढुरका फेसाळ थर तयार होतो आणि तो सेंट्रिफ्यूज केल्यावरही हट्टाने बसून राहतो. वरून ईथर उचलायला गेलात तर त्या थरातला चिकट अंश टिपला लागून येतो, पुढे वाळल्यावर ट्यूबच्या तळाशी पिवळट डाग दिसतो आणि शेवटी तो कॉलमवर जातो. ट्यूब तिरपी धरून सावकाश हलवली की दोन थरांमधली रेघ काचेसारखी स्वच्छ राहते. ही रेघ ओळखता येणं हेच या पायरीचं कौशल्य आहे.

६. १५०० जी वर दहा मिनिटं. ईथर पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. ट्यूब उणे ७० च्या फ्रीझरमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवली की खालचा पाण्याचा थर गोठतो आणि वरचं ईथर दुसऱ्या ट्यूबमध्ये सरळ ओतता येतं. नाहीतर सगळ्या नमुन्यांतून ठरावीक, समजा ३.२ मिली, काढून घ्या.

७. ४० अंशांच्या पाण्यात ट्यूब ठेवून नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली सुकवा. झोत एवढाच की पृष्ठभागावर खळगा पडेल, शिंतोडे उडणार नाहीत. सुकल्यावर लगेच काढा. ही पायरी प्रोपोफॉलला (आयसीयूतलं दुसरं गुंगीचं औषध) लावू नका. ते उडून जातं.

८. १५० मायक्रोलीटर मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणारं द्रावण) विरघळवा, ट्यूबच्या भिंती ओल्या होतील असा व्होर्टेक्स करा, पुन्हा सेंट्रिफ्यूज करा, व्हायलमध्ये भरा. ५० मायक्रोलीटर इंजेक्ट.

किती औषध परत मिळालं ते पाहायला दोन संच करा: एकात एक्स्ट्रॅक्शनआधी स्पाइक केलेला प्लाझ्मा, दुसऱ्यात ब्लँक प्लाझ्माचा अर्क काढून त्यात नंतर स्पाइक केलेलं तेवढंच औषध. दोन्हींच्या पीकचं गुणोत्तर म्हणजे रिकव्हरी. ती ८० टक्के आहे की ९५, याची मला फारशी फिकीर नसते. तीनही पातळ्यांवर आणि सगळ्या दिवशी ती जवळपास सारखी असावी, एवढं पुरे. एका दिवशी ९० आणि दुसऱ्या दिवशी ६० आली तर बहुधा पीएच किंवा सुकवणं यात गडबड आहे.

मशीनवर

कॉलम सी-१८, १५० बाय ४.६ मिमी, ५ मायक्रॉन, एंडकॅप केलेला, पुढे गार्ड कॉलम. फ्लो १ मिली/मिनिट, ओव्हन ३० अंश, डिटेक्टर २२० नॅनोमीटर. मोबाइल फेज १० मिलिमोलर फॉस्फेट बफर आणि ॲसिटोनायट्राइल, सुरुवात ५५:४५ ने करा आणि मिडाझोलाम ६ ते १० मिनिटांत यावं असं प्रमाण हलवा. मेथॅनॉल स्वस्त असलं तरी २२० ला त्याची पार्श्वभूमी जास्त, म्हणून इथे ॲसिटोनायट्राइल.

बफरचा पीएच ७.२ ठेवा. फॉस्फेटची बफर करायची ताकद त्याच्या आसपास चांगली असते आणि मिडाझोलामचा ९० टक्क्यांहून जास्त भाग तिथे भाररहित राहतो. ६.२ च्या जवळ राहू नका. पीकेएच्या शेजारी पीएच ०.१ ने जरी सरकला तरी पीक जागा बदलतं, आणि मग रोज सकाळी पीक शोधत बसावं लागतं. साधे सिलिका कॉलम पीएच ८ च्या वर खराब होतात, तेव्हा वरही जाऊ नका. पीएच बफरचा मोजायचा, ॲसिटोनायट्राइल मिसळण्याआधी.

बफर रोज ताजा, ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेला. फॉस्फेट बफरमध्ये दोन-तीन दिवसांत जंतू वाढतात. काम संपल्यावर थेट शंभर टक्के ॲसिटोनायट्राइल सोडलंत तर फॉस्फेटचे स्फटिक पंपात आणि कॉलममध्ये अडकतात. आधी अर्धा तास पाणी-ॲसिटोनायट्राइल ९०:१०, मग ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण वाढवा. वीज जाणाऱ्या ठिकाणी पंप आणि डिटेक्टर यूपीएसवर हवेत. मध्येच रन थांबली तर बफर कॉलममध्ये तसाच बसून राहतो.

२२० नॅनोमीटरला जवळजवळ प्रत्येक गोष्ट शोषते. चहा पिऊन आलेल्या दात्याच्या प्लाझ्मात कॅफीन असतंच, ते लवकर निघून जातं. खरी काळजी सोबतच्या औषधांची. फेंटॅनिल, ऑन्डान्सेट्रॉन, पँटोप्राझोल, पॅरासिटॅमॉल, फेनिटॉइन, जी जी तुमच्या आयसीयूत चालतात त्यांचं एकेक द्रावण इंजेक्ट करा आणि कुणाचं पीक कुठे येतं ती यादी भिंतीवर लावा. १-हायड्रॉक्सीमिडाझोलाम मिडाझोलामपासून नीट वेगळं झालं पाहिजे. ते जमलं नाही तर पद्धत वापरू नका.

मास स्पेक्ट्रोमीटरला फॉस्फेट चालत नाही, तिथे अमोनियम फॉर्मेट किंवा फॉर्मिक ॲसिड वापरतात. फॉर्मिक ॲसिडच्या मोबाइल फेजवर मिडाझोलाम अनेक लॅबमध्ये व्यवस्थित मोजलं जातं. तरी विरघळवायच्या द्रावणात ॲसिड घालून व्हायल रात्रभर ऑटोसॅम्पलरमध्ये ठेवणार असाल, तर तेवढ्या तासांची स्थिरता आधी तपासा. कडीचं प्रकरण इथेही लागू आहे.

रेषा काढताना

प्रमाणित नमुन्यांच्या पातळ्या आणि पीकची गुणोत्तरं यांची एक रेषा काढून रुग्णाची पातळी तिच्यावरून वाचतात. बिंदू रेषेला किती जुळतात ते सांगणारा आर-वर्ग ०.९९९ आला म्हणून नवखा खूश होतो. मी तो आकडा सगळ्यात शेवटी पाहतो. समजा साध्या, वजन न दिलेल्या रेषेत ४ नॅनोग्रॅमएवढी चूक आहे. ५०० च्या पातळीवर ती एक टक्काही नाही; १० च्या पातळीवर ती ४० टक्के आहे. आर-वर्गाला याची खबरच नसते, कारण तो वरच्या मोठ्या आकड्यांकडे ओढलेला असतो. म्हणून १/एक्स किंवा १/एक्स-वर्ग (एक्स म्हणजे पातळी) असं वजन द्या, आणि प्रत्येक प्रमाणित नमुन्याची पातळी रेषेवरून उलट काढून मूळ आकड्याशी ताडून पाहा. आयसीएच (औषधनियमनाचे निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय परिषद) एम-१० ही २०२२ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शिका सांगते की उलट काढलेला आकडा मूळच्या १५ टक्क्यांच्या आत हवा, सर्वांत खालच्या पातळीला २० टक्के सूट. किमान ७५ टक्के नमुने यात बसले पाहिजेत.

व्हॅलिडेशनचं (पद्धत विश्वासार्ह आहे हे आधी सिद्ध करण्याचं) बाकीचं तिथूनच घ्या. थोडक्यात सांगायचं तर: किमान सहा वेगवेगळ्या माणसांचा ब्लँक प्लाझ्मा तपासून मिडाझोलामच्या जागी खालच्या पातळीच्या २० टक्क्यांहून जास्त काही दिसत नाही हे दाखवायचं, इंटर्नल स्टँडर्डच्या जागी ५ टक्क्यांहून जास्त नाही. प्रत्येक क्यूसी पातळीला एका रनमध्ये किमान पाच नमुने, अशा किमान तीन रन, दोन किंवा अधिक दिवसांत. टेबलावर ठेवून, तीनदा गोठवून-वितळवून, व्हायलमध्ये आणि दीर्घकाळ फ्रीझरमध्ये औषध टिकतं का ते खालच्या आणि वरच्या क्यूसीवर बघायचं. सर्वांत वरच्या नमुन्यानंतर ब्लँक इंजेक्ट करून मागे काही उरत नाही ना, तेही. हे सगळं रुग्णांचे नमुने उघडण्याआधी.

रोजच्या बॅचची मांडणी: ब्लँक, इंटर्नल स्टँडर्ड असलेला ब्लँक, सात प्रमाणित नमुने, मग रुग्णांचे नमुने, मध्ये मध्ये आणि शेवटी क्यूसी. एकूण क्यूसींपैकी दोन तृतीयांश आणि प्रत्येक पातळीचे निम्मे १५ टक्क्यांत बसले नाहीत तर बॅच रद्द. ‘एकच क्यूसी थोडा बाहेर गेलाय’ म्हणून पीकची सीमा हाताने सरकवून तो आत आणू नका. सगळ्या पीकना इंटिग्रेशनचे नियम एकच असले पाहिजेत.

५०० च्या वर गेलेला नमुना रेषा पुढे वाढवून वाचायचा नाही. ब्लँक प्लाझ्मात पाचपट विरळ करा, पुन्हा पूर्ण एक्स्ट्रॅक्शन करा, पाचने गुणा. पाचपट विरळ केल्याने निकाल बिघडत नाही हे व्हॅलिडेशनमध्ये दाखवलेलं असावं.

आणि तुमचा प्रश्न रिफॅम्पिसिनसारख्या औषधाच्या परिणामाचा असेल, तर यूव्हीचे १० नॅनोग्रॅम पुरणार नाहीत. बहुतेक नमुने त्याखालीच जातील. तिथे मास स्पेक्ट्रोमीटर असलेल्या लॅबशी हातमिळवणी करा, तो ०.१ नॅनोग्रॅमपर्यंत सहज उतरतो. नमुने घेऊन झाल्यावर हे लक्षात येणं रुग्णांवर अन्याय आहे. त्यांनी रक्त दिलेलं असतं.

विल्हेवाट

उरलेला प्लाझ्मा, टिप, ट्यूब २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रंगीत पिशव्यांत. द्रावकांचा कचरा वेगळ्या कॅनमध्ये, आणि त्यात हायपोक्लोराइट कधीही ओतू नका.

रिपोर्ट

रिपोर्टवर फक्त ‘मिडाझोलाम १४० नॅनोग्रॅम/मिली’ असं लिहून डॉक्टरांच्या हाती देऊ नका. नमुन्याची वेळ, शेवटचा डोस किंवा इन्फ्युजनचा वेग आणि ते कधी बंद केलं, कुठल्या हातातून रक्त घेतलं, सोबतची औषधं, हे त्याच कागदावर हवं. आपण मोजतो ते एकूण औषध. त्यातलं सुमारे ९७ टक्के अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन घसरलेल्या रुग्णात तोच आकडा जास्त गुंगी दाखवू शकतो, म्हणून अल्ब्युमिनचा ताजा रिपोर्ट मागून घ्या.

मूत्रपिंडाचा रुग्ण इन्फ्युजन बंद करून दोन दिवस झाले तरी जागा होत नाही, आणि मिडाझोलामची पातळी अगदी कमी येते. अशा वेळी ‘औषध संपलंय, कारण दुसरीकडे शोधा’ असं सुचवणं चुकीचं ठरू शकतं. साठलेलं ग्लुकुरोनाइड ईथरमध्ये येतच नाही, त्यामुळे आपल्या पद्धतीत ते दिसत नाही. ते मोजायचं तर नमुन्याला आधी ग्लुकुरोनिडेझ एन्झाइम लावून मग १-हायड्रॉक्सीमिडाझोलाम मोजावं लागतं. ही सोय नसेल तर रिपोर्टवर स्पष्ट लिहा की चयापचयातून झालेली ग्लुकुरोनाइडं मोजलेली नाहीत, आणि डॉक्टरांना फोन करून तोंडी सांगा.

मोजता येणाऱ्या सर्वांत कमी पातळीच्या खालचा निकाल कधीही ‘०’ असा लिहू नका. ‘१० नॅनोग्रॅम/मिलीपेक्षा कमी’ असं लिहा. शून्य वाचलं की पुढचा माणूस औषध नव्हतंच असं समजतो, आणि तेवढं आपल्याला माहीत नसतं.